कोल्हापुरात घर घ्यायचंय? आधी वर्षाचा हिशेब मांडा

मी राजारामपुरीत एका सीएंच्या ऑफिसात हिशेब लिहिते. दिवसभर लोकांच्या दुकानांची जमा-नावे जुळवायची आणि संध्याकाळी घरी आल्यावर स्वतःच्या पर्समध्ये किती उरलेत तेही माहीत नसायचं, अशी आमच्या संसाराची पहिली पाच वर्षं गेली. नवरा शिरोली एमआयडीसीत एका फौंड्रीच्या मशीन शॉपला. मुलगी तेव्हा बालवाडीत. राहायला साने गुरुजी वसाहतीत, भाड्याने. २०२१ च्या जूनमध्ये एक फ्लॅट मनात भरला, दलाल म्हणाला उद्याच टोकन द्या. रात्री पासबुकं काढून बसलो तर सगळं मिळून साडेचार लाख. दोघं कमावतो, उधळपट्टी नाही, दारू-तंबाखू नाही, मग पैसे गेले कुठं?

पुढच्याच महिन्यात पूर आला आणि त्या फ्लॅटच्या पार्किंगमध्ये पाणी शिरलं. टोकन दिलं नव्हतं हे नशीब. मग तीन-साडेतीन वर्षं रीतसर तयारी केली आणि २०२५ च्या सुरुवातीला घर घेतलं. ऑफिसातल्या नव्या पोरी आता विचारतात की नेमकं काय केलंत. त्यांना तुकड्या-तुकड्याने सांगत बसण्यापेक्षा एकदाच लिहून काढते. आकडे आमचे आहेत, तुमचे घालून बघा.

पायरी १: तीन महिने नुसतं लिहा

काही कमी करू नका, कुणाला बोलू नका, फक्त लिहा. वही ठेवलीत तर चार दिवसांत ती फ्रीजवर धूळ खाते, हा स्वानुभव. आम्ही दोघांचाच व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप केला. खर्च झाला की तिथंच टाकायचा: ‘भाजी १४०’, ‘पेट्रोल ३००’, ‘वडा-चहा ५०’. महिनाअखेरीला मी ते वहीत उतरवायचे. फोनवरून स्कॅन करून दिलेले पैसे तर बँकेच्या यादीत असतातच, पण ‘कशाला दिले’ ते तिथं नसतं, म्हणून लगेच लिहायचं.

उत्पन्नाच्या रकान्यात एक काळजी घ्या. एमआयडीसीत काम करणाऱ्यांनी ओव्हरटाइम पगारात धरू नये. ऑर्डर असली की महिनाभर ओटी, नसली की आठ तासांवर घरी. आम्ही ओटीशिवायचे त्याचे ३२ हजार आणि माझे १६, असे ४८ हजार धरले. ओटी आणि दिवाळीचा बोनस आलाच तर तो थेट घराच्या खात्यात. तो पगार समजून खर्चात बसवलात की मंदीच्या पहिल्याच महिन्यात उसनवारी सुरू.

तीन महिन्यांनंतर सरासरी अशी निघाली: भाडं ८,५००, किराणा, भाजी, दूध, रविवारचं मटण धरून १२,०००, गॅस, लाइट बिल, मोबाइल, नेट ३,२००, पेट्रोल ३,५००, गावाकडे सासू-सासऱ्यांना ३,०००, मुलीची रिक्षा आणि बारीकसारीक १,८००, किरकोळ २,०००. बेरीज ३४ हजार. म्हणजे महिन्याला १४ हजार शिल्लक राहायला हवेत. वर्षाला एक लाख अडुसष्ट हजार!

प्रत्यक्षात त्याच्या आधीच्या वर्षात चाळीस हजारही वाढले नव्हते.

पायरी २: वर्षाचं कॅलेंडर उघडा

खरी मेख इथं आहे. नवीन जोडप्यांना सगळे सांगतात की महिन्याचं बजेट करा. आपल्याकडचा संसार महिन्यावर चालतच नाही, तो वर्षावर चालतो. भिंतीवरचं कॅलेंडर काढा, दोघं शेजारी बसा आणि गेल्या वर्षी कुठल्या महिन्यात काय आलं ते आठवत प्रत्येक पानावर पेन्सिलीनं लिहा. आमचं असं निघालं.

मार्च ते मे म्हणजे बेगमी. वर्षाचा गहू, शाळू, थोडा तांदूळ (बाकीचा गावाकडून येतो), आणि चटणी, म्हणजे मसाला घातलेलं तिखट. कोल्हापूरच्या घरात वर्षाची चटणी म्हणजे छोटं कार्यच. ब्याडगी रंगाला, जवारी चवीला, तिखटाला लवंगी, वर सुकं खोबरं, तीळ, धने, लसूण, गरम मसाला, डंकावरची कुटाई. लसणाचा भाव चढला की चटणीचं बजेट कोलमडतं. तरीही विकतच्या पुडीपेक्षा घरची स्वस्त पडते, मी दोन्ही करून पाहिलंय. पण पैसे एकदम जातात. याच महिन्यांत लगीनसराई. साडी, आहेर, जाण्यायेण्याचं पेट्रोल. एप्रिलच्या सुमाराला चैत्रात जोतिबाची यात्रा.

जून म्हणजे शाळा. फी, पुस्तकं, युनिफॉर्म, बूट, रेनकोट, सगळं पंधरा दिवसांत. जुलैत खर्च कमी, पण दवाखाना जास्त. मग पंचमी, गणपती, गौरी, नवरात्र. दिवाळीला कपडे आणि फराळ, शिवाय भाऊबीज. थंडीत गावाकडची म्हाई, म्हणजे गावची जत्रा. आमच्या सासरच्या म्हाईला घरटी जेवण असतं आणि ‘आमच्यात यायला लागतंय’ म्हणून जितक्यांना सांगितलं तितके येतात. याशिवाय तारखा ठरलेले, तरी दरवर्षी अचानक आल्यासारखे वाटणारे खर्च: गाडीचा विमा, आरोग्य विमा, टर्म इन्शुरन्स, टायर, सर्व्हिसिंग.

आमच्या वर्षाची बेरीज:

बेगमी आणि चटणी १८,०००
शाळा २२,०००
लग्नं आणि आहेर १५,०००
गणपती-गौरी ६,०००
दिवाळी १५,०००
म्हाई आणि जोतिबा ८,०००
सगळे विमे २४,०००
गाडीची कामं ६,०००
दवाखाना १०,०००

एकूण १,२४,०००. भागिले बारा म्हणजे महिन्याला दहा हजार तीनशे. १४ हजारांतले इतके पैसे आधीच कुणाचे तरी होते, आमचे शिल्लक साडेतीन हजारच. सेल लागला की त्यातलेही जायचे.

म्हणून दुसरं खातं उघडा. आम्ही त्याला ‘वर्षाचं खातं’ म्हणतो. पगार झाला की बारावा हिस्सा तिकडे. शाळेची फी आली की तिथून, विमा आला की तिथून, चटणीची मिरची आणायला लक्ष्मीपुरीत गेलं की तिथून. घरखर्चाच्या खात्याला हात लावायचा नाही. पहिल्या वर्षी एक अडचण येते. तुम्ही जानेवारीत सुरुवात केलीत तर मार्चपर्यंत या खात्यात तीनच महिन्यांचे पैसे, आणि बेगमी तर दारात. त्या वर्षी थोडी बचत मोडून खात्यात सुरुवातीची भर घाला. आम्ही तीस हजार घातले होते. दुसऱ्या वर्षापासून गाडी रुळावर येते.

वर्षाचा कागद समोर आला की भांडण होणार, हे धरून चाला. आमचं आहेरावरून झालं. माझं म्हणणं, लांबच्या नात्यात पाकीट द्यावं, साडी नको. सासूबाईंचं म्हणणं, “त्येनी आपल्यात साडी नेसीवलीया.” शेवटी सख्ख्यांत साडी, बाकी पाकीट, असा तह झाला. म्हाईला हात लावायचा नाही हे नवऱ्याने आधीच सांगून टाकलं होतं. मीही तो विषय काढला नाही.

पायरी ३: फट मोजा आणि कुठून भरायची ते ठरवा

घराचा आकडा अजून नक्की नसला तरी अंदाज लागतो. आम्ही ३० लाखांचा जुना, राहता फ्लॅट आणि २२ लाखांचं कर्ज असं धरलं. वीस वर्षं, साडेआठ टक्के, हप्ता १९,१०० च्या आसपास. त्यात घरफाळा, पाणीपट्टी आणि अपार्टमेंटचा मेंटेनन्स मिळून महिना दीड हजार घातले. भाडं तेवढं वाचणार. म्हणजे २०,६०० वजा ८,५००, राहिले १२ हजार. आम्ही वाचवत होतो साडेतीन हजार. साडेआठ हजारांची फट.

कापाकापीतून काय निघालं ते सांगते, म्हणजे खोट्या आशेवर राहणार नाही. वर्षाच्या खर्चातून १८ हजार, म्हणजे महिन्याला दीड हजार. किराणा-भाजीतून बाराशे. यात सगळ्यात उपयोगी पडलं ते यादी करून महिन्यातून एकदाच सामान भरणं, आणि भाजी अपार्टमेंटखालच्या गाड्याऐवजी आठवड्यातून एकदा मंडईतून आणणं. नवरा शेजारच्या वसाहतीतल्या सहकाऱ्याबरोबर आलटून-पालटून एकाच गाडीवर शिरोलीला जायला लागला, सहाशे वाचले. नको असलेले रिचार्ज आणि टीव्हीची अ‍ॅप्स बंद करून चारशे. बेरीज ३,७००, तीही रडतखडत.

रविवारचं मटण आम्ही बंद केलं नाही. अर्धा किलोला साडेतीनशे-चारशे जातात, मान्य. पण ज्या बजेटात रविवारी पांढरा रस्सा नाही ते बजेट कोल्हापुरात दोन महिने टिकत नाही. तिसऱ्या महिन्यात माणूस वैतागून हॉटेलात जातो आणि चौघांचं बिल भरून येतो.

उरलेले पाच हजार कापून निघणारच नव्हते, ते कमवावे लागले. मी चार छोट्या दुकानांचे हिशेब रविवारी दुपारी घरी बसून लिहायला घेतले. तुमच्याकडे दुसरं काही असेल, शिकवण्या, शिवण, फराळाच्या ऑर्डरी. पण महिना पन्नास हजारांच्या आतल्या कमाईत नुसत्या काटकसरीने घर होतं असं कुणी सांगितलं तर त्यांचा वर्षाचा कागद बघायला मागा.

पायरी ४: हप्ता आधी भरून बघा

१२ हजारांचं रिकरिंग डिपॉझिट लावा, पगाराच्या दुसऱ्या दिवशी कापलं जाईल असं. तो तुमचा हप्ता समजा. चुकला तर बँक दारात येणार नाही, म्हणून ही तालीम. वर्षभर एकही महिना न चुकता भरला गेला तर कर्ज पेलेल. तीनदा मोडावं लागलं तर घराचा आकडा खाली आणा, किंवा अजून थांबा.

आमचा दोनदा अडला. एकदा मुलीला डेंगी झाला तेव्हा, आणि एकदा फौंड्रीत काम कमी होतं म्हणून नवऱ्याचा पगार कापून आला तेव्हा. त्यातून कळलं की निदान चार महिन्यांचा घरखर्च वेगळा ठेवल्याशिवाय कर्ज घ्यायचं नाही. तो पैसा घराच्या बेरजेत धरू नका. टोकन देताना हात तिकडेच जातो.

१२ हजार दरमहा, तीन वर्षं, सात टक्क्यांनी साधारण चार लाख ऐंशी हजार होतात. आधीचे साडेचार लाख, बोनसचे तीन वर्षांचे साठ हजार. झाले नऊ लाख नव्वद हजार. पगार वाढला तो महागाईनं खाल्ला, तो मी हिशेबात धरलेला नाही.

पायरी ५: पैसे कुठं ठेवायचे

भिशी. कोल्हापुरात गल्लीगल्लीत आहे. चिठ्ठीची भिशी असेल, माणसं ओळखीची असतील आणि रक्कम छोटी असेल तर मिक्सर-फ्रीजपुरती ठीक. घराचे पैसे भिशीत घालू नका. व्याज नाही, कागद नाही, आणि चालवणारा गाव सोडून गेला तर कुणाकडे जाणार? आमचे १८ हजार असेच गेले. लिलावाच्या भिशीत तर गरजू माणूस मोठी रक्कम सोडून पैसे उचलतो. ते कर्जच असतं, महाग व्याजाचं.

पतसंस्था अर्धा-एक टक्का जास्त व्याज देते आणि पिग्मीवाला रोजची बचत गोळा करायला दारात येतो, म्हणून मोह होतो. फरक एवढाच लक्षात ठेवा: बँकेतल्या ठेवीला, मग ती सहकारी बँक का असेना, प्रत्येक बँकेत प्रत्येक ठेवीदारामागे पाच लाखांपर्यंत ठेव विमा महामंडळाचं संरक्षण आहे. पतसंस्थेला ते नाही. रोजचे शंभर रुपये पिग्मीत घाला हवं तर, पण घर घ्यायचे लाखो रुपये बँकेत किंवा पोस्टात.

शेअर बाजारातली एसआयपी चांगली की वाईट हा वेगळा वाद आहे. तीन वर्षांत लागणारे पैसे तिथं नकोत, इतकंच. ज्या महिन्यात व्यवहार ठरेल नेमका तोच बाजार पडलेला असू शकतो.

सोनं? घरात आहे ते असू द्या. शेवटी कमी पडले तेव्हा माझ्या पाटल्या गुजरीत, सराफांकडे गेल्या. मोडताना घडणावळ परत मिळत नाही आणि तूट धरतात, त्यामुळे घराच्या नावाखाली नवीन दागिने करत बसण्यात अर्थ नाही.

पायरी ६: कर्ज बँक देते तेवढं घ्यायचं नसतं

३० लाखांपर्यंतच्या गृहकर्जात बँक घराच्या किमतीच्या ९० टक्क्यांपर्यंत देऊ शकते, ३० ते ७५ लाखांत ८० टक्क्यांपर्यंत. म्हणजे ३० लाखांच्या फ्लॅटला २७ लाख मिळू शकतात. मिळतात म्हणून घेतले तर हप्ता साडेतेवीस हजारांच्या आसपास, आमच्या पगाराचा निम्मा. वर दहा हजार वर्षाच्या खात्याचे. जेवायचं काय?

एक लाखाला किती हप्ता पडतो हे पाठ करून ठेवा, मग दलालापुढे मोबाइल काढावा लागत नाही. साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांना लाखामागे ८६८ रुपये, पंधरा वर्षांना ९८५. आमच्या २२ लाखांना वीस वर्षांत एकूण व्याज पावणेचोवीस लाखांच्या वर जातं, पंधरा वर्षांत सतरा लाख. हप्त्यात फरक अडीच हजारांचा आणि व्याजात जवळपास सात लाखांचा. तरी आम्ही वीस वर्षंच घेतली. कारण बदलत्या व्याजदराच्या गृहकर्जात मुदतीआधी पैसे भरल्याचा दंड लागत नाही. ओटी-बोनस आला की मुद्दलात भरायचा, नाही आला तर छोटा हप्ता झेपतो.

व्याज एका टक्क्याने वाढलं तर आमच्या हप्त्यात चौदाशेंची भर पडते. बँका बहुधा हप्ता तोच ठेवून मुदत वाढवतात आणि ते आपल्या लक्षातही येत नाही. वर्षातून एकदा कर्जाचं स्टेटमेंट काढून किती हप्ते राहिले ते बघा.

मोबाइल, टीव्ही, गाडीचे हप्ते घराच्या अर्जाआधी सहा महिने तरी संपवा. ‘बिनव्याजी’ असला तरी तो हप्ताच, बँक तो तुमच्या ऐपतीतून वजा करते. नवऱ्याने मित्राला गाडीसाठी जामीन दिला होता आणि मित्राचे दोन हप्ते चुकलेले. तो डाग सिबिलमध्ये, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदीत, आम्हाला सापडला. वर्षातून एकदा स्वतःचा अहवाल फुकट मिळतो, तो आधीच काढून ठेवा.

पहिलंच घर असेल तर प्रधानमंत्री आवास योजनेच्या शहरी दुसऱ्या टप्प्याबद्दल बँकेत विचारा. वार्षिक उत्पन्न नऊ लाखांपर्यंत, घर ३५ लाखांपर्यंत आणि कर्ज २५ लाखांपर्यंत असेल तर व्याजात एक लाख ऐंशी हजारांपर्यंत अनुदानाची तरतूद आहे, पाच वार्षिक हप्त्यांत. देशात कुठंही तुमच्या नावावर पक्कं घर नको. सासऱ्यांच्या नावावरचं गावचं घर यात येत नाही, कारण कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि अविवाहित मुलं. अनुदान मिळालं तर मिळालं. त्या पैशांवर व्यवहार ठरवू नका.

पायरी ७: वरचे पैसे

तीस लाखांचं घर तीस लाखांत होत नाही. मुद्रांक शुल्क, नोंदणी हे खर्च बँक एरवी घराच्या किमतीत धरत नाही, ते रोख लागतात. महापालिका हद्दीत मुद्रांक शुल्क सहा टक्के, म्हणजे एक लाख ऐंशी हजार. घर फक्त बाईच्या नावावर घेतलं तर एक टक्का सवलत. आमचं घर माझ्या एकटीच्या नावावर आहे. तीस हजार वाचले, आणि सासरच्या चार नातेवाइकांनी चार वेळा विचारलं, “का वो, त्येचं नाव नाही?” कर्जाला आम्ही दोघंही आहोत. मात्र दस्तात नवऱ्याचंही नाव घातलंत की सवलत जाते. आणि कर्जाच्या व्याजावर आयकरात वजावट घ्यायची असेल तर ती घराच्या मालकालाच मिळते, त्यामुळे कुणाचा कर जास्त कापला जातो ते आधी बघा. आमच्या पगारात तो प्रश्नच नव्हता.

नोंदणी फी एक टक्का, पण जास्तीत जास्त तीस हजार. शुल्क करारातल्या किमतीवर की सरकारी रेडीरेकनरवर? दोन्हींत जे जास्त, त्यावर. बांधकाम चालू असलेला फ्लॅट असेल तर पाच टक्के जीएसटी, परवडणाऱ्या घरांच्या व्याख्येत बसला (४५ लाखांपर्यंत आणि आपल्यासारख्या शहरात ९० चौरस मीटर कार्पेटपर्यंत) तर एक टक्का. पूर्णत्वाचा दाखला मिळालेल्या किंवा जुन्या घराला जीएसटी नाही. आम्ही जुनं घेतलं त्याचं हे एक मोठं कारण.

वकील आणि सर्च रिपोर्ट (जुन्या मालकी-नोंदींची तपासणी), बँकेची प्रोसेसिंग फी, गहाणाची नोटीस, दलाली, रंग, वायरिंग, किचनची ट्रॉली, टेंपो. आमचं सगळं मिळून साडेतीन लाख झालं. म्हणजे स्वतःचे आठ आणि वरचे साडेतीन, साडेअकरा लाख. नऊ नव्वद होते. राहिलेले पाटल्यांनी भरले.

पायरी ८: जागा बघायला जाताना

कोल्हापुरात आधी पाण्याचं विचारा, मग दिशेचं. २०१९ आणि २०२१ ला राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ५५ फुटांवर गेली होती. इशारा पातळी ३९, धोका पातळी ४३. व्हीनस कॉर्नर, शाहूपुरीतली कुंभार गल्ली, सुतारवाडा, बापट कॅम्प, रमणमळा, नागाळा पार्कचा खालचा भाग इथं पाणी कुठवर होतं हे गावातल्या कुणालाही पाठ आहे. दलाल ‘इथं कधीच येत नाही’ म्हणेल. शेजारच्या जुन्या किराणा दुकानात जाऊन विचारा, तो भिंतीवर हात लावून दाखवेल. नकाशावर निळ्या पूररेषेच्या आत बांधकामाला मनाई असते, निळ्या आणि लाल रेषेच्या मध्ये निर्बंध. भाव दोन-तीन लाखांनी कमी असण्याचं कारण बरेचदा तेच असतं. दुसरं, तुमचा रस्ता. घर उंचावर असलं आणि शिरोलीचा हायवे पाण्याखाली गेला तरी कामावर जाता येत नाही, २०१९ आणि २०२१ ला दोन्ही वेळा तसंच झालं.

मग हद्द. महापालिका १९७२ ला झाली तेव्हापासून हद्द वाढलेली नाही, त्यामुळे पाचगाव, मोरेवाडी, कळंबा, उचगाव, उजळाईवाडी रोजच्या बोलण्यात कोल्हापूरच, पण कागदावर ग्रामपंचायत. तिथं बांधकाम परवानगीचा कागद विकास प्राधिकरणाचा बघायचा. मुद्रांक आणि कर थोडे कमी, पण पाणी किती दिवसांआड येतं, उन्हाळ्यात टँकर लागतो का, केएमटीची सिटी बस कुठवर येते, हे तिथं भाड्यानं राहणाऱ्याला विचारा. टँकरचा खर्च तुमच्या दीड हजारांत बसत नाही. उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झाल्यापासून दलालांच्या तोंडी एकच वाक्य असतं, “आता भाव थांबत नाहीत.” असेल. तुमचा हप्ता मात्र तुमच्या पगारावर ठरतो.

स्वस्त म्हणून गुंठ्याचा प्लॉट घेऊन नंतर बांधू, असा विचार बरेच करतात. एक गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट, ऐकायला झकास. पण सातबाऱ्यावर पाच-सहा जणांची नावं एकत्र असलेला, बिगरशेती न झालेला तुकडा असेल तर बँक कर्ज देत नाही आणि परवानगी मिळत नाही. तिथून परत या.

फ्लॅटच्या कागदांत मिळकत पत्रिका किंवा सातबारा, मंजूर नकाशा, भोगवटा प्रमाणपत्र, आधीच्या सगळ्या खरेद्यांचे इंडेक्स टू (दस्तनोंदणीचे उतारे), आणि जुन्या मालकाचं कर्ज असेल तर बँकेचं पत्र. मिळकत पत्रिकेवर सत्ता प्रकाराच्या रकान्यात ‘ब’ दिसला तर वकिलाला विचारल्याशिवाय टोकन नको. कोल्हापुरात या ‘ब’ने कित्येक व्यवहार अडवलेत. नवा प्रकल्प असेल तर महारेराचा (बिल्डरांवरच्या सरकारी नियामकाचा) नंबर त्यांच्या वेबसाइटवर टाकून बघा, आणि नोंदणीकृत कराराआधी दहा टक्क्यांपेक्षा जास्त पैसे देऊ नका. बिल्डरलाही कायद्याने ते घेता येत नाहीत. ‘कच्ची पावती’ देतो म्हणाला की उठायचं.

कार्पेट एरिया स्वतः टेप लावून मोजा. आम्ही मोजला तेव्हा सांगितलेल्या सहाशे वीसचे पाचशे सत्तर निघाले, आणि भावातून साठ हजार उतरले. तीस लाख हा त्यानंतरचा आकडा.

कर्ज मंजूर झालं की बँक हप्त्याची तारीख विचारते. आम्ही गडबडीत पाच सांगितली. फौंड्रीचा पगार सात तारखेला होतो. पहिले दोन महिने माझ्या पगारातून उसने घेऊन भरले, मग अर्ज करून तारीख दहा करून घेतली. लाइटच्या मीटरवर अजून जुन्या मालकाचंच नाव आहे, त्याचा अर्ज या महिन्यात द्यायचाय.